अमेरिकेत कॉलेजचा अर्ज: मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्यापैकी बहुतेकांनी बारावीचे मार्क आणि एखादी प्रवेश परीक्षा एवढ्यावर कॉलेज मिळवलं. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांचं तसं होत नाही, आणि मग घरात गोंधळ उडतो. मुलांना शाळेतून अर्धवट कळलेलं असतं, पालकांना व्हॉट्सअ‍ॅपवरून भलतंच कळलेलं असतं. खालची उत्तरं देताना शक्य तिथे फुकट आणि मूळ ठिकाणची साधनं सुचवली आहेत: सरकारची, परीक्षा घेणाऱ्या संस्थांची, खुद्द कॉलेजांची. विकत मिळणारा बहुतेक सल्ला तिथूनच उचललेला असतो. तारखा आणि शुल्क दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात, तेव्हा अर्ज भरताना त्या-त्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

मुलगी नववीत आहे. तयारीला उशीर झाला का?

अजिबात नाही. उलट नववीत एकच काम नीट करायचं असतं: विषयांची निवड. अर्जासोबत जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, नववीपासूनचे ग्रेड असतात. गणिताचा क्रमही इथेच ठरतो. बारावीत कॅल्क्युलस घ्यायचं असेल तर कोणत्या वर्षी काय घ्यावं लागेल हे उलटं मोजत यावं लागतं.

इथे एक फुकटचा कागद फार कामाला येतो, आणि तो कुणी वाचत नाही. प्रत्येक हायस्कूल ट्रान्सक्रिप्टबरोबर कॉलेजांना 'स्कूल प्रोफाइल' पाठवतं. शाळेत कोणते एपी (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय आहेत, ग्रेड कसे मोजतात, क्रमांक काढतात की नाही, हे सगळं त्यात असतं. बहुतेक शाळा तो आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. कॉलेज तुमच्या मुलीची तुलना दुसऱ्या राज्यातल्या चकचकीत शाळेतल्या मुलाशी करत बसत नाही. तिच्याच शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्यातलं तिनं काय घेतलं, हे बघतं. शाळेत आठच एपी असतील तर 'पंधरा एपी हवेत म्हणे' या चिंतेला अर्थ नाही.

पुढचं वेळापत्रक ढोबळमानाने असं: दहावीत सरावापुरती पीएसएटी (एसएटीची पूर्वपरीक्षा), अकरावीच्या ऑक्टोबरात नॅशनल मेरिट या स्कॉलरशिपसाठी धरली जाणारी पीएसएटी, अकरावीच्या दुसऱ्या सहामाहीत एसएटी किंवा एसीटी यांपैकी एक प्रवेश परीक्षा, त्यानंतरच्या उन्हाळ्यात निबंध, आणि १ ऑगस्टला अर्ज उघडतात.

कॉमन अ‍ॅप भरलं की सगळीकडे अर्ज गेला, असं असतं का?

बऱ्याच ठिकाणी, सगळीकडे नाही. १९७५ साली १५ खासगी कॉलेजांनी मिळून हा सामायिक अर्ज सुरू केला, आज हजाराहून जास्त कॉलेजं त्यात आहेत. एका खात्यातून जास्तीत जास्त २० ठिकाणी अर्ज करता येतो. खातं नववी-दहावीतच उघडून ठेवलं तरी चालतं. मूळ माहिती पुढच्या वर्षी टिकते.

एमआयटीचा अर्ज मात्र वेगळा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचाही वेगळा: एकच अर्ज नऊ कॅम्पसना चालतो, पण फी प्रत्येक कॅम्पससाठी स्वतंत्र भरावी लागते. तिथे आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरं द्यायची, प्रत्येकी ३५० शब्दांच्या आत. शिफारसपत्रं सहसा मागत नाहीत, एसएटीचे गुण बघतच नाहीत. हा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात सबमिट करायचा असतो. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचा अर्ज त्याहून वेगळा, नावं सारखी असली तरी.

आणि कॉमन अ‍ॅपमध्येही खरा वेळ खातात ते प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे पुरवणी प्रश्न. 'आमचंच कॉलेज का?' याला दहा ठिकाणी दहा वेगळी उत्तरं लिहावी लागतात. वीस कॉलेजांची यादी कागदावर छान दिसते, डिसेंबरात मात्र रडवते.

एसएटी द्यायचीच का? क्लास लावावा का?

यादीतल्या कॉलेजांवर अवलंबून आहे. कोविडमध्ये बहुतेकांनी परीक्षा ऐच्छिक केली होती. मग एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी २०२४ मध्ये तोच निर्णय जाहीर केला. फ्लोरिडातल्या सरकारी विद्यापीठांना गुण लागतात. कॅलिफोर्नियाचं सांगितलंच. त्यामुळे आधी यादी, मग परीक्षेचा निर्णय. यादी अजून धूसर असेल तर एकदा देऊन टाकावी.

अमेरिकेत मार्च २०२४ पासून एसएटी संगणकावरच होते. २ तास १४ मिनिटांचा पेपर, वाचन-लेखन आणि गणित असे दोन भाग, प्रत्येक भागाचे दोन टप्पे. पहिला टप्पा चांगला गेला तर दुसरा अवघड येतो. 'मला फारच कठीण पेपर आला' म्हणून मूल तोंड पाडून बाहेर आलं तर ती कदाचित चांगली बातमी असते.

सरावासाठी तीन गोष्टी पुरतात आणि तिन्हींना पैसे पडत नाहीत. ज्या ब्लूबुक अ‍ॅपवर खरी परीक्षा होते त्यातच पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा आहेत. एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची प्रश्नपेढी आहे, तीत विषय आणि काठिण्यपातळी निवडून प्रश्न काढता येतात. आणि खान अकॅडमीचा अधिकृत सराव अभ्यासक्रम आहे. गणिताच्या भागात डेसमॉस कॅल्क्युलेटर परीक्षेतच दिलेला असतो. तो सराईतपणे वापरता येणं यातून जेवढे गुण वाढतात तेवढे महिनाभर सूत्रं घोकून वाढत नाहीत. क्लास लावू नका असं म्हणत नाही. पण क्लास मुख्यतः विकतो ती शिस्त. मूल स्वतःहून शनिवारी सकाळी पेपर सोडवायला बसत असेल आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवून 'का चुकला' ते लिहीत असेल, तर ते पैसे वाचवा.

उत्पन्न कमी असलेल्या घरांतल्या अकरावी-बारावीच्या मुलांना शाळेच्या काउन्सेलरमार्फत फीमाफी मिळते आणि दोन वेळा एसएटी मोफत देता येते. एसीटी हा पर्याय सगळी कॉलेजं सारखाच मानतात. २०२५ पासून त्यातला विज्ञानाचा भाग ऐच्छिक झाला आहे.

रँकिंग बघायचं नाही, तर कॉलेज निवडायचं कसं?

रँकिंग बघा, पण त्याचा आधार किती कच्चा आहे तेही लक्षात ठेवा. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने विद्यापीठाने पुरवलेल्या आकड्यांवर शंका घेतली, आणि यू.एस. न्यूजच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावरची कोलंबिया त्या वर्षी अठराव्यावर गेली. कॉलेज तेच, वर्ग तेच, प्राध्यापक तेच.

त्यापेक्षा ही तीन साधनं वापरा. 'कॉलेज स्कोअरकार्ड' हे अमेरिकी शिक्षण खात्याचं आहे. कॉलेजच्या नावाबरोबर विषयही निवडता येतो, आणि त्या विषयातून पदवी घेतलेल्यांची पुढची कमाई आणि कर्ज किती ते दिसतं. नावाजलेल्या महागड्या कॉलेजातला आणि तुमच्याच राज्याच्या विद्यापीठातला कॉम्प्युटर सायन्स शेजारी ठेवून बघा, बऱ्याचदा डोळे उघडतात. 'कॉलेज नेव्हिगेटर' हेही सरकारचंच. किती मुलं वेळेत पदवी पूर्ण करतात, किती जण पहिल्या वर्षानंतर सोडून जातात, हे तिथे बघावं.

तिसरं माझं सगळ्यात आवडतं: 'कॉमन डेटा सेट'. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की बहुतेकांचं पीडीएफ किंवा एक्सेल हाती लागतं. दिसायला रटाळ सरकारी तक्ता. सरळ 'सी ७' या रकान्यावर जा. प्रवेश देताना आम्ही काय बघतो, याची तिथे यादी असते: ग्रेड, विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारस, मुलाखत, आईवडील तिथलेच माजी विद्यार्थी असणं, आणि अर्जदाराने दाखवलेला रससुद्धा. प्रत्येकापुढे चारपैकी एका खणात खूण: फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, घेत नाही. 'कॅम्पस बघायला गेलो नाही तर प्रवेश हुकेल का?' हा वाद अर्धी रात्र घालण्याआधी त्या कॉलेजने रसापुढे कुठे खूण केली आहे ते बघा. 'घेत नाही' असेल तर विमानाचे पैसे वाचले. 'सी ९' मध्ये किती टक्के मुलांनी एसएटीचे गुण पाठवले आणि मधल्या निम्म्या मुलांचे गुण कोणत्या पट्ट्यात होते ते मिळतं. परीक्षा ऐच्छिक असलेल्या ठिकाणी आपले गुण पाठवायचे की नाही, याचं उत्तर तिथे आहे. आणि 'एच' विभागात आर्थिक मदत: गरज नसलेल्या किती मुलांना गुणवत्तेवर पैसे दिले, सरासरी किती. ज्या कॉलेजात तो आकडा शून्य आहे तिथे 'माझ्या मुलाला स्कॉलरशिप देतील' अशी आशा धरून बसू नये.

यादी करताना दोन तरी कॉलेजं अशी ठेवा, जिथे प्रवेश जवळजवळ नक्की आहे, खर्च झेपतो आणि मूल आनंदाने जाईल. तिसरी अट बहुतेक घरं विसरतात.

शाळेचे काउन्सेलर कितपत उपयोगी?

माणूस चांगला असतो, वेळ नसतो. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी अशी आहे, आणि अनेक सरकारी शाळांत त्याहून बरेच जास्त असतात. म्हणून अकरावीतच वेळ घेऊन भेटा, लेखी प्रश्न घेऊन जा. शाळा नॅव्हियान्स किंवा स्कॉयर हे सॉफ्टवेअर वापरत असेल तर त्यात तुमच्याच शाळेतल्या मागच्या मुलांचे ग्रेड, गुण आणि निकाल ठिपक्यांच्या आलेखात दिसतात. बाजारातल्या कुठल्याही 'प्रवेशाची शक्यता सांगणाऱ्या' कॅल्क्युलेटरपेक्षा ते ठिपके भरवशाचे.

अ‍ॅक्टिव्हिटी किती हव्यात? मुलगा फक्त तबला वाजवतो आणि मराठी शाळेत शिकवतो.

'फक्त' का? कॉमन अ‍ॅपमध्ये दहा रकाने आहेत. दहाही भरायची सक्ती नाही. दोन-तीन गोष्टी वर्षानुवर्षं मनापासून केलेल्या असणं, हे बारावीच्या सप्टेंबरात स्थापन केलेल्या समाजसेवी संस्थेपेक्षा केव्हाही बरं. त्या संस्थांचा वास अर्ज वाचणाऱ्यांना लांबून येतो.

अडचण असते ती लिहिण्यात. वर्णनाला फक्त १५० अक्षरं मिळतात, स्पेस धरून. मुलं लिहितात: 'मराठी शाळेत स्वयंसेवक म्हणून काम केले, त्यातून नेतृत्वगुण शिकलो.' यात काहीच नाही. त्याऐवजी: 'दर रविवारी ६-७ वर्षांच्या ११ मुलांना बाराखडी, स्वतः चित्रपत्ते बनवले, दिवाळीचं नाटुकलं लिहून बसवलं.' वय, संख्या, हाताने काय केलं. नेतृत्व हा शब्द न लिहिताही दिसतं. हेच इंग्रजीत १५० अक्षरांत बसवायला एक संध्याकाळ जाते, जाऊ द्या.

घरकाम, धाकट्या भावंडाला सांभाळणं, आजीला डॉक्टरकडे नेऊन दुभाष्याचं काम करणं, दुकानात नोकरी, या सगळ्या अ‍ॅक्टिव्हिटीच आहेत. आपल्या मुलांना ते लिहायला संकोच वाटतो. लिहायला सांगा.

निबंध आम्ही तपासला तर चालेल? चॅटजीपीटीकडून लिहून घेतला तर?

तपासा, लिहू नका. मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो आणि त्यातून सतरा वर्षांच्या मुलाचा आवाज यावा लागतो. पंचेचाळीस वर्षांच्या प्रोजेक्ट मॅनेजरने हात फिरवला की ते लगेच कळतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन अ‍ॅपच्या नियमांत फसवणूक धरलं जातं, आणि अर्जाच्या शेवटी मूल सही करतं ते हे माझंच लेखन आहे असं सांगून.

विषयाबद्दल एकच सांगतो. 'सुट्टीत भारतात गेलो, गरिबी पाहिली, माझे डोळे उघडले' हा निबंध आपल्या समाजातून गाड्या भरून जातो. गाव, आजोळ, आजोबा यांवर लिहू नये असं नाही; पण मग आजोबांशी नेमकं काय बोलणं झालं आणि त्यानंतर मुलाने काय वेगळं केलं, ते हवं. चांगले नमुने वाचायचे असतील तर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आपल्याला आवडलेले निबंध स्वतःच्या संकेतस्थळावर टाकतं, आणि का आवडले तेही लिहितं. एमआयटीच्या प्रवेश विभागाच्या पानांवर तिथल्या विद्यार्थ्यांचं मोकळं लेखन आहे. ते वाचून 'आमचंच कॉलेज का?' या प्रश्नाला पोकळ उत्तरं देण्याची सवय मोडते.

शिफारसपत्र कुणाचं? आमच्या ओळखीत एक मोठे अधिकारी आहेत.

त्यांना दिवाळीचा फराळ पाठवा, पत्र नको. वर्गात शिकवलेल्या, शक्यतो अकरावीच्या, मुख्य विषयांच्या दोन शिक्षकांना विचारायचं, तेही अकरावी संपण्यापूर्वी. लोकप्रिय शिक्षक ठरावीकच पत्रं घेतात. सोबत एक पानभर माहिती द्या: त्यांच्या वर्गातला कोणता प्रकल्प आठवतो, कुठे अडलो, मग काय केलं. अर्जात 'पत्र पाहण्याचा हक्क सोडतो' असा एक प्रश्न येतो. हक्क सोडावा; नाहीतर पत्राचं वजन कमी होतं.

खर्चाचा आकडा बघूनच धडकी भरते. यादीतून आधीच काढून टाकू का?

नाही. छापील खर्च आणि तुम्हाला पडणारा खर्च यांत जमीनअस्मानाचं अंतर असू शकतं. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' असणं केंद्रीय कायद्याने २०११ पासून बंधनकारक आहे. मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न हाताशी घेऊन बसलं तर एका कॉलेजला अर्धा-पाऊण तास लागतो. एमआयटी आणि हार्वर्ड यांनी २०२५-२६ पासून वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि नेहमीसारखी मालमत्ता असलेल्या घरांना ट्यूशन माफ केली आहे. उलट दुसऱ्या राज्याचं सरकारी विद्यापीठ बाहेरच्या मुलांना बहुतेक वेळा गरजेप्रमाणे मदत देत नाही, तेव्हा 'सरकारी म्हणजे स्वस्त' हे तुमच्या राज्यापुरतंच खरं.

हे गणित यादी करताना करा, एप्रिलमध्ये नाही. मुलासमोर बसून करा. वर्षाला आम्ही अमुक इतकं देऊ शकतो, हा आकडा त्याला अकरावीत कळलेला बरा.

आमचं उत्पन्न चांगलं आहे. फॅफ्सा भरून काय उपयोग?

भरा. फॅफ्सा म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीसाठीचा फॉर्म, आणि तो मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही, लगेच बंद करा. नेहमी १ ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो. पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरांना केंद्राकडून मिळणारी, परत न करायची मदत), जिची कमाल रक्कम २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर होती, ती तुम्हाला मिळणार नाही हे खरं. पण विद्यार्थ्याच्या नावावरचं केंद्रीय कर्ज, पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंत, उत्पन्न कितीही असलं तरी मिळतं, आणि त्यासाठी फॅफ्सा लागतो. शिवाय मध्येच नोकरी गेली तर फॉर्म आधीच भरलेला असणं सोयीचं.

मूल आणि पालक प्रत्येकाचं स्वतंत्र खातं लागतं, आणि कराची माहिती थेट आयआरएस या कर खात्याकडून घ्यायला प्रत्येकाची संमती. कर दोन वर्षांमागचा धरतात: २०२६-२७ साठी २०२४ चा.

आता आपल्या घरांचा खास प्रश्न. मालमत्तेच्या पानावर बँकेतली शिल्लक, गुंतवणुकी आणि स्थावर मालमत्ता विचारतात. राहतं घर सांगायचं नाही, निवृत्तीखातीही नाहीत. पण पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट? सांगायचा. भारतातल्या मुदत ठेवी? त्याही. 'तो तर भारतात आहे' ही सबब चालत नाही. मालमत्ता कुठे आहे याला महत्त्व नाही, कुणाच्या नावावर आहे याला आहे. फ्लॅट वडिलांच्या म्हणजे आजोबांच्या नावावर असेल तर तो तुमचा नाही. बाजारभावातून कर्ज वजा करून डॉलरमध्ये रक्कम लिहा आणि कसा हिशेब केला त्याचा कागद जपून ठेवा.

बरीच खासगी कॉलेजं याखेरीज 'सीएसएस प्रोफाइल' (स्वतःची मदत ठरवण्यासाठी आर्थिक माहितीचा वेगळा फॉर्म) मागतात. ते जास्त खोलात जातं, अनेकदा राहत्या घराची किंमतही विचारतं. उत्पन्न १ लाख डॉलरपर्यंत असेल तर अमेरिकेतल्या मुलांना त्याची फी लागत नाही. जुळी किंवा पाठोपाठची भावंडं असतील तर एक फरक लक्षात घ्या: फॅफ्सा २०२४-२५ पासून 'एकाच वेळी दोघं कॉलेजात' ही सवलत धरत नाही, सीएसएस मागणारी अनेक कॉलेजं अजून धरतात.

आम्ही एच-१बीवर आहोत, मुलगी एच-४ वर. ग्रीन कार्ड रांगेत आहे.

हा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि यावर लिखित माहितीही कमी. एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, केंद्रीय मदत मिळत नाही: पेल नाही, केंद्रीय कर्ज नाही. अर्जात नागरिकत्वाच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं आणि व्हिसाचा प्रकार लिहायचा. काही कॉलेजं अशा मुलीला आर्थिक मदतीसाठी आंतरराष्ट्रीय अर्जदार धरतात, म्हणजे गरज दाखवली तर प्रवेशावर परिणाम होऊ शकतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडन ही प्रवेश ठरवताना नागरिकत्व किंवा पैशाची गरज बघत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर पूर्ण गरज भागवतात. अशी कॉलेजं थोडी आहेत.

राज्याच्या विद्यापीठात स्थानिक फी लागेल की नाही, हे राज्याच्या नियमावर आहे. अनेक राज्यांत एच-४ वर रहिवासी धरलं जातं, पण गृहीत धरू नका. विद्यापीठाच्या रेसिडेन्सी कार्यालयाला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. फोनवरचं 'हो, चालेल' पुढे कुणी मान्य करत नाही.

मुलगी २१ वर्षांची झाली की एच-४ संपतो आणि तिला एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) किंवा दुसरा दर्जा घ्यावा लागतो. एच-४ वर तिला कॅम्पसवर नोकरी करता येत नाही, एफ-१ वर मर्यादित तास करता येते. केव्हा बदलायचं, त्याचा ग्रीन कार्डाच्या अर्जावर आणि स्थानिक फीवर काय परिणाम होईल, यासाठी इमिग्रेशन वकिलाला पैसे द्यावेत. या सगळ्या प्रवासात पैसे खर्च करण्यासारखी ही एक जागा आहे.

स्कॉलरशिप कुठे शोधायच्या?

सर्वात मोठी रक्कम कॉलेज स्वतः देतं, म्हणून कॉमन डेटा सेटमधला वर सांगितलेला 'एच' विभाग बघा. बाहेरच्यांसाठी कॉलेज बोर्डाचं 'बिगफ्यूचर' फुकट शोधून देतं. अकरावीच्या पीएसएटीवरून दरवर्षी देशभरात सुमारे १६,००० नॅशनल मेरिट सेमिफायनलिस्ट निवडतात. पात्रतेची रेषा राज्यागणिक वेगळी. तुमच्या कंपनीची, गावच्या कम्युनिटी फाउंडेशनची, वाचनालयाची छोटी स्कॉलरशिप दुर्लक्षू नका, तिथे अर्जच कमी येतात. उत्पन्न कमी असलेल्या हुशार मुलांसाठी 'क्वेस्टब्रिज' फार मोठी संधी आहे, पण तिची मुदत सप्टेंबरअखेर संपते, बाकीचे लोक जागे होण्याआधी.

अर्ज करायला पैसे मागणारी स्कॉलरशिप म्हणजे फसवणूक समजा.

अर्ली डिसिजन केल्याने संधी वाढते ना?

अर्ली डिसिजन म्हणजे लवकर करायचा, बांधून घालणारा अर्ज. बऱ्याच कॉलेजांत त्या गटातून प्रवेशाचं प्रमाण जास्त असतं. पण तो करार आहे: मूल, पालक आणि काउन्सेलर तिघं सही करतात, एकाच कॉलेजला करता येतो, निकाल साधारण डिसेंबरच्या मध्याला लागतो आणि प्रवेश मिळाला की बाकी अर्ज मागे घ्यायचे. मग इतर कॉलेजांच्या मदतीशी तुलना करता येत नाही. मदत पुरत नसल्यास सुटका मागता येते, तरी त्या भरवशावर सही करू नये. नेट प्राइस कॅल्क्युलेटरचा आकडा झेपतो असं दिसलं तरच. अर्ली अ‍ॅक्शन हाही लवकरचा अर्ज, पण तो बांधून घालत नाही. जमेल तिथे करावं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डचं अर्ली मात्र बांधील नसलं तरी इतर खासगी कॉलेजांत अर्ली अर्ज करायला आडकाठी करतं; नियम नीट वाचा.

खासगी कन्सल्टंट घ्यावा का?

बहुतेकांना गरज नाही. घेतलाच तर तो काय करणार आणि काय करणार नाही, हे लेखी घ्या. प्रवेशाची हमी देणारा, 'आतली ओळख आहे' म्हणणारा किंवा निबंध लिहून देणारा दिसला की उठून या. २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या 'व्हार्सिटी ब्लूज' प्रकरणात अशा आतल्या ओळखी विकत घेणारे पालक तुरुंगात गेले.

एशियन असल्यामुळे मुलाचं नुकसान होतं का? आडनाव लपवावं का?

आडनाव लपवू नका. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यांत वंश हा प्रवेशाचा निकष म्हणून वापरणं बेकायदा ठरवलं. वंशाचा रकाना रिकामा ठेवता येतो. मुलाला आपल्या पार्श्वभूमीने कसं घडवलं, हे निबंधात लिहायला न्यायालयाने मनाई केलेली नाही.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे कमीपणा?

आपल्याकडेच तसं समजतात. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात ठरलेले विषय ठरलेल्या ग्रेडने पूर्ण केले तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसपैकी एकाची लेखी प्रवेशहमी मिळते. डेव्हिस आणि अर्व्हाइन त्यात आहेत, बर्कली आणि लॉस एंजेलिस नाहीत. पदवीवर शेवटच्या विद्यापीठाचं नाव येतं. दोन वर्षांचा खर्च किती वाचतो, ते बेरीज करून बघा आणि मग नाक मुरडा.

भाचा महाराष्ट्रात अकरावीत आहे. त्याला यातलं काय लागू?

फॅफ्सा सोडून बरंच काही. त्याने 'एज्युकेशन यूएसए' गाठावं. हे अमेरिकी परराष्ट्र खात्याचं सल्ला केंद्रांचं जाळं आहे, मुंबईतही केंद्र आहे. त्याची खास अडचण अशी: नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसऱ्याच ज्युनिअर कॉलेजात, आणि कॉलेजांना चारही वर्षांचे मार्क हवेत. म्हणजे जुन्या शाळेकडूनही सही-शिक्क्याचे कागद आणावे लागतील; मुख्याध्यापक बदलण्याआधी आणलेले बरे. काउन्सेलर नसेल तर त्यांनी भरायचे फॉर्म प्राचार्य किंवा उपप्राचार्य भरू शकतात. त्यांना वैयक्तिक नव्हे, संस्थेचा ईमेल वापरायला सांगा. व्हिसासाठी लागणारा आय-२० देण्यापूर्वी कॉलेज पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवायला सांगतं.

निकाल आले. आता?

उत्तर द्यायची रूढ तारीख १ मे. मदतीची पत्रं शेजारी ठेवून फक्त परत न करायची रक्कम वजा करा. कर्जही 'मदत' म्हणून त्याच यादीत छापलेलं असतं, तिथे फसू नका. उत्पन्नात बदल झाला असेल तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला कागदांसह फेरविचाराची विनंती करता येते, आणि ती करण्यात कमीपणा नाही. वेटलिस्टवर असाल तर हवं असल्यास नाव ठेवा, एक छोटं पत्र पाठवा, आणि दुसऱ्या कॉलेजची जागा १ मेच्या आत पक्की करा.

कॉलेजात गेल्यावर मुलाचे ग्रेड आम्हाला दिसतील ना?

नाही. १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार कॉलेजात पाऊल ठेवलं की शैक्षणिक नोंदींचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो, फी तुम्ही भरत असलात तरी. बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थी पालकांना पाहायची परवानगी ऑनलाइन देऊ शकतो. ती मागायची कशी, हे ज्याचं त्याने बघावं.